स्टॅबिलायझर आणि सव्वा किलो साखर

५ जानेवारी
ठरलं. मृणालच्या साखरपुड्याला साखरेचा पुडा ताटातून जाणार नाही, माझ्या जहाजातून जाणार. पार्टी प्लॉटमध्ये स्टेजसमोर कमळांचा हौद आहे. या काठावर व्याही, त्या काठावर आमची मुलगी आणि मधून माझं रिमोटवर चालणारं ‘एम. व्ही. मृणाल’. अख्ख्या सुरतेत असं कुणी केलेलं नाही. बँकेने माझी कल्पनाशक्ती आयुष्यभर व्हाउचरवर वाया घालवली, आता बघा म्हणावं.
नीला म्हणाली, तुमचं जहाज डुलतं. डुलतं, मान्य. बायको झाली म्हणून काय, खरं ते खरं. म्हणून तर स्टॅबिलायझर बसवतोय.

६ जानेवारी, सकाळी
सिद्धांत अगदी सोपा. जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना एकेक पंख. जहाज कललं की आतल्या सेन्सरला कळतं, छोटी मोटर पंख फिरवते, जहाज सरळ. मोठमोठ्या क्रूझवर हेच असतं. एका रविवारचं काम.

१२ जानेवारी
रविवार संपला. पंखासाठी पाडलेलं भोक जरा मोठं झालं. ड्रिल निकृष्ट. एम-सीलने बुजवलं, त्यात बोटं चिकटली. नीलाने खोबरेल तेल लावून सोडवली. तोंडाचा पट्टा चालू होताच.

१५ जानेवारी
काल उत्तरायण, आज वासी उत्तरायण. सगळी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर बोंबलतेय, एकाग्रता कशी होणार? उंधियू खाऊन झोपलो.

१९ जानेवारी
पहिली चाचणी, बाथरूममधल्या टबात. जहाज जरासं डावीकडे कललं. पंखांनी त्याला आणखी डावीकडे ढकललं. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, अंगात आल्यासारखं. पाणी पार पॅसेजपर्यंत. टब लहान असल्याने लाटा परत येतात, बाकी यंत्रणा उत्तम आहे.
मृणालने सेन्सरवरचं एक बटण उलटं केलं. त्यानंतर चाललं नीट. योगायोग.

२६ जानेवारी
बारडोलीला व्याह्यांकडे जाऊन आलो. योगराजराव साखर कारखान्यात आहेत. पुड्यात साखर आमच्याच कारखान्याची आणि सव्वा किलोच, म्हणाले. शुभकार्यात सव्वाच लागतं, एक किलो चालणार नाही. मी म्हटलं, सव्वा काय, अडीच आणा.
जहाजाचं सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, जहाजात? साखर? माणूस भारावून गेला होता. जावई निखिल मान खाली घालून पोहे खात होता. संस्कारी मुलगा.

२ फेब्रुवारी
सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये चाचणी. मिठाची पिशवी आडवी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ ओढल्यासारखं सरळ! व्हिडिओ बँकेच्या ग्रुपवर टाकला. दोघांनी अंगठा दाखवला, बाकीचे जळाले.
मृणालने माहितीपत्रक वाचून दाखवलं: जहाज पुढे जात असतानाच पंखांचा उपयोग होतो, थांबलं की ते शोभेला. तळाशी शिसं घाला, बाबा, म्हणाली. अगं, वजन घालून जहाज सरळ ठेवायचं तर इलेक्ट्रॉनिक्स कशाला? आणि आपलं जहाज थांबेलच कशाला? हौदात काय सिग्नल आहे?

९ फेब्रुवारी
मृणाल म्हणाली, बाबा, रिमोट राहू दे ना. त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ उभे राहा, बस.
तिला समजावलं की ऑपरेटरला काठावरच राहावं लागतं. तिने रिमोट पुसून माझ्या हातात दिला. पटलं असणार. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

१५ फेब्रुवारी
पुडा आला. जयश्रीविहीणबाईंनी स्वतः सजवलाय. सोनेरी कागदाचा उंच सुळका, वर लोकरीचा पोपट. आडवा ठेवू का विचारलं, तर विहीणबाईंचा चेहराच उतरला. पुडा आडवा ठेवत नाहीत. नीलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अहो, स्टॅबिलायझर असतो कशासाठी!
चाचणीला वेळ नाही. गरजही नाही.

१७ फेब्रुवारी
कालच्या कार्यक्रमाबद्दल घरात उलटसुलट बोललं जातंय. वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो.
जहाज हौदाच्या मध्यापर्यंत अप्रतिम गेलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, अंकल, एक मिनिट ऊभी राखो, पोपट फोकसमां नथी! मी थांबवलं. चूक फोटोग्राफरची. जहाज सावकाश एका बाजूला झुकलं. पंख बिचारे जिवाच्या आकांताने हलत होते. मग पोपट गेला, मागोमाग पुडा गेला, वर जहाजाचा लाल तळ. विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, कमळांना मुंग्या लागतील.
मी ताबडतोब पँट दुमडून हौदात उतरलो. सेन्सर मोठ्या मुश्किलीने मिळाला होता, तो भिजून चालणार नव्हता. तळाला शेवाळ, एक पंख निघालेला, तो चाचपडत बसलो. वरून नीलाने हाक मारली. मी म्हटलं, आलोच.
गुरुजींचा मुहूर्त टळत होता म्हणे. केटररच्या चहाची साखर आणली, विहीणबाईंनी ती कागदात बांधली आणि पुढचं उरकून घेतलं. मी वर आलो तेव्हा लोक जेवायला बसले होते. निखिलने मला टॉवेल दिला. मृणालच्या बोटात अंगठी होती.
माझ्यासाठी पाच मिनिटं थांबायला काय हरकत होती?

१९ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. चालत्या जहाजाचं डुलणं जवळपास शून्य होतं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या प्रयोग यशस्वी. हे नीलाला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

२३ फेब्रुवारी
फोटो आले. अंगठीच्या फोटोत नीलाशेजारी, माझ्या जागी, निखिलचे काका उभे आहेत. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. मृणाल एकटी बाजूला बघतेय, हौदाकडे. कोपऱ्यात माझी वाकलेली पाठ दिसते.
खूप वेळ बघत बसलो.
फोटोग्राफरला फोन केला. तो म्हणाला, टेन्शन नको अंकल, एआयने दीदीची नजर सरळ करून देतो, काकांना काढून तुम्हाला उभं करतो, कुणाला कळणार पण नाही.
मी हो म्हटलं.