त्या नोटिशीचा एकच वाचक

मंगळवार, संध्याकाळ. इंदापूर

आज वडिलांचे जुने मित्र तात्या भवानीनगरहून माझ्या पेपरच्या ऑफिसात आले होते. त्यांच्या उसातून रस्ता जाणार आणि हरकत घ्यायची मुदत काल संपली, हे त्यांना आज तलाठ्याकडून कळलं. "कुठल्यातरी ऑनलाइन पेपरात नोटीस आली व्हती म्हणं," म्हणाले. कुठल्यातरी कसल्या, माझ्याच!

नियम बदला, आम्हा ऑनलाइनवाल्यांनाही सरकारी नोटिसा द्या, म्हणून अर्ज घेऊन मीच फिरलो ना? पूर्वी नोटीस छापील पेपरात यायची, तो अंक सलूनमध्ये पडून असायचा, दाढी करता करता कुणीतरी नोटीस मोठ्यानं वाचायचं. आता नोटिशीखाली आकडा येतो. वाचक: एक. तो मीच, पुराव्याचा स्क्रीनशॉट काढायला उघडलेली तेव्हाचा. त्यासोबत सरकारला 'योग्य प्रसिद्धी दिली' असं सही करून दिलंय. आता तात्यांना मुदत वाढवून मिळावी म्हणून कुणीच वाचली नाही म्हणावं, तर माझीच सही खोटी. वर सरकारी यादीतून पेपर बाद. गप्प बसावं, तर तात्यांचा ऊस...

वाचक: एक.

जाताना तात्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या नजरंला पडली असती, तर तू पळत आला असतास." आणि मी मान डोलावली.