बिनविरोधाचा चहा

माय,

आज तीन वाजून गेले आणि माझा अर्ज जागेवर आहे. चाकूरला तहसीलच्या आवारात लिंबाखाली बसून मी नुसती घड्याळाकडं बघत होते. फोन वाजून वाजून थकला, उचलला नाही. तीननंतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतून माघार घेता येत नाही, हे तुला मी काय सांगावं! याच आवारात तू तीन वाजायच्या आत माघारीच्या कागदावर सही करून परत आली होतीस.

मी तेव्हा सातवीत होते. आपला वार्ड बायकांसाठी राखीव झाला होता आणि अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या तुझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, तू अर्ज भरलास. चिन्ह कोणतं मागायचं तेही ठरवून टाकलंस, कपबशी. "रोजच्या हातातली वस्तू हाय, शिक्का मारताना कुणी चुकायचं न्हाई." मग माघारीच्या दिवशी सकाळीच गावातली चार मोठी माणसं आली. तोवर ही माणसं वस्तीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारायची. बौद्धांच्या घरात येऊन बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी आत आली, सतरंजीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बाई, चहा तरी टाका की." तू ठेवणीतल्या कपबशा काढल्यास, मी दारातून बघत होते. चौघांनीही चहा बशीत ओतून फुर्र करून प्याला. मग थोरला बोलला, "बाकीच्या समद्या वार्डात एकेकच अर्ज उरलाय. तुमच्या एकटीपायी मतदान घ्यावं लागंल. गाव बिनविरोध होऊ द्या, एकी मोडू नका." तू पदराला हात पुसत "बघते" म्हणालीस. आणि दुपारी माघार घेऊन आलीस.

संध्याकाळी पारावर नारळ फुटला, गुलाल उधळला, तुलाही एक शाल मिळाली. तू भाकरी टाकत होतीस तेव्हा मी विचारलं, "बिनविरोध म्हंजी काय गं?" "म्हंजी समद्यांचं एकमत." "मग तुझं मत कुठं हाय त्यात?" तू उलथणं उगारलंस. "लई शानी झालीस. गप जेव." मी गप जेवले, पण तो राग काही गिळला नाही. पुढची पाच वर्षं आपल्या वार्डाची मेंबर म्हणून जी बाई होती, तिला मी पंचायतीत एकदाही पाहिलं नाही. सभेला तिचा नवरा बसायचा. खांबावरचा दिवा गेला तर विचारायचं कुणाला? एका कप चहावर माझ्या मायनं वार्ड देऊन टाकला, असं मी नवऱ्यापुढं बोलले, बायांपुढं बोलले, एकदा तर तुझ्या तोंडावर बोलले. तू तांदूळ निवडत होतीस. निवडतच राहिलीस.

तू मला गावातच दिलंस, म्हणून वार्ड तोच आणि घरंही तीच. परवा त्या चौघांची पोरं माझ्याकडं आली. आता चहाचं अप्रूप उरलं नाही, निवडणुकीत तर सगळेच सगळीकडं पितात. म्हणून ही पोरं सिमेंटचा रस्ता घेऊन आली होती. "ताई, बिनविरोध झालं तर गावाचं नाव व्हईल. पहिला रस्ता तुमच्याच गल्लीत." मी म्हणाले, "रस्ता आमच्या गल्लीचा हक्क हाय, दादा. माझ्या माघारीवर कशाला टांगता?" एकजण हसला. "तुमी काय निवडून येत न्हाई." मग मात्र माझं डोकं फिरलं. "न का येईना! पण पडायला तरी मतं मोजावी लागतील का न्हाई? ज्याला मी नको त्यानं बटण दाबून सांगावं. चौघांनी सतरंजीवर बसून ठरवायचं आणि त्याला एकी म्हणायचं, असली एकी घाला चुलीत." वर त्यांना चहाही पाजला, आलं घालून. जाताना तोच दारातून म्हणाला, "गावात राहायचंय तुम्हाला, ताई." म्हटलं, "राहायचंय म्हणूनच तर अर्ज भरला."

आज साडेतीनला चिन्हं वाटली. मला कपबशी मिळाली. मागूनच घेतली.

तू आता नाहीस, हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. कागदावरचं ते चित्र बघितलं आणि आठवलं. खरं तर आठवत होतंच, मी आठवू देत नव्हते. त्या सकाळी चौघं उठून गेली, तशी मी गल्लीभर पळत सुटले होते. "आमच्या घरी चहा पिले! आमच्या घरी बसून पिले!" ज्या पोरी शाळेत मला पाण्याच्या घागरीला हात लावू द्यायच्या नाहीत, त्यांनासुद्धा घरी जाऊन सांगून आले. परत आले तर तू दारात उभी होतीस. बघत होतीस माझ्याकडं. म्हणालीस, "लई आनंद झाला का गं तुला?"

मी म्हणाले, "व्हय."

मग तू पिशवी उचललीस आणि चाकूरची गाडी धरलीस.