जिभेच्या मुळाशी

४ जानेवारी
आलो एकदाचा. दवाखाना दुमजली, माझी खोली वर, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. मोठे डॉक्टर काही महिने लेकीकडे गेलेत. जाताना किल्ल्या हातात ठेवून म्हणाले, कान-नाक-घसा आता तुझं राज्य. राज्यात आज तीन प्रजाजन आले, तिघांच्याही कानात मळ. तरी स्वारी खुशीत आहे.

१२ जानेवारी
बालवाडीत शिकवणारी एक मुलगी आली, बरोबर तिची आई. आई कपडे शिवते, नजर बारीक, पर्समध्ये छोटा टॉर्च. त्याच टॉर्चने तिने मुलीच्या जिभेच्या मुळाशी गाठ शोधली होती. लालसर, बोराएवढी, वर एक निळी शीर, टोकाला फाटा फुटलेली. घास अडतो म्हणे.

अशा जागी कधीकधी थायरॉइड ग्रंथीच असते. बाळ पोटात असताना ती जिभेच्या मुळापासून गळ्यात उतरायची असते, एखादीची तिथेच राहून जाते. मग गळ्यात दुसरी बहुधा नसतेच; ही काढली की शरीर मंदावत जातं. म्हणून आधी स्कॅन करायचा, हे शिकाऊ पोरसुद्धा सांगेल. पण मशीन चार तासांवरच्या शहरात. आई म्हणाली, एवढं लांब जायचंच तर ऑपरेशनही तिथेच करून घेऊ. माझं इथलं पहिलं ऑपरेशन हातचं जाताना दिसलं. म्हणालो, काही गरज नाही, साधी गाठ आहे.

१७ जानेवारी
झकास झालं. रक्तही फारसं गेलं नाही. आईने हात जोडले. मी शीळ घालत जेवायला गेलो.

२४ जानेवारी
तपासणीला पाठवलेल्या गाठीबद्दल प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, अहो, ही थायरॉइड आहे, चांगली धडधाकट. गळ्यातली दुसरी स्कॅनमध्ये पाहिली होतीत ना? मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो.

दुपारी जखम बघायच्या निमित्ताने मुलीचा गळा चाचपला. तिथे काहीच लागत नाही.

१९ फेब्रुवारी
मुलीचा चेहरा सुजलाय, आवाज घोगरा, उन्हातही स्वेटर. गोष्ट सांगता सांगता डुलकी लागते, पोरं हसतात म्हणाली, आणि स्वतःच हसली. रोज थायरॉइडची एक गोळी दिली की सगळं ठीक होईल. पण गोळी लिहिली की ती का लिहिली हे सांगावं लागेल. टॉनिक लिहून दिलं. आई म्हणाली, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री जेवताना घशाशी काहीतरी अडलं.

२ मार्च
आरशात पाहिलं. जिभेच्या मुळाशी गाठ. लालसर. निळी शीर, टोकाला फाटा फुटलेली.

६ मार्च
शहरात जाऊन स्वतःचा स्कॅन केला. माझ्यासाठी चार तास लांब वाटले नाहीत. मशीनवरचा मित्र हसत म्हणाला, लेका, तुला दोन आहेत. एक गळ्यात, असायला हवी तिथे. दुसरी जिभेच्या मुळाशी — ती जास्त उजळ.

११ मार्च
आज सांगायचंच, म्हणून मुलीच्या घरी फोन लावला. आईचा आवाज ऐकला आणि म्हणालो, टॉनिक चालू ठेवा. फोन ठेवेपर्यंत गाठ वाढली. पाणीसुद्धा उतरत — आरशात बघवत नाही. गाठ बघवते. तोंड बघवत नाही.

१५ मार्च
आवाज गेला. मुलीला उचलून आणलंय — उठत नाही, अंग गार. याच वहीत लिहून दाखवतोय. आईने विचारलं, हिला काय झालंय. लिहिलं, अशक्तपणा. अजूनही — लाज वाटते, हाताचीसुद्धा —

श्वास अडतोय. आई म्हणाली, आ करा. टॉर्च काढला —

बघतेय. दचकली नाही. म्हणाली, ही तर माझ्या पोरीची.

हो. मीच काढली. गळ्यात दुसरी नव्हती. स्कॅन केला नाही. तिला थायरॉइडचं औषध हवंय, आत्ता, सुईतून — आई, वाचा ना — आधी हे वाचा —

वाचत नाहीये. ट्रेमधला चिमटा तिने