वगळण्याची विनंती

१ जून
निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी आज पुन्हा नोकरीवर रुजू झालो. लेकीचे म्हणणे असे, की घरात बसून तिच्या निरोपांतल्या चुका काढण्यापेक्षा बाबांनी पगार घेऊन जगाच्या काढाव्यात. कचेरी प्रशस्त आहे, खिडकीपाशी जागा मिळाली आहे; खुर्ची तेवढी डावीकडे कलते. आमचे यंत्र संकेतस्थळांवरून लोकांचे क्रमांक व पत्ते वेचते आणि त्यांना जाहिरातींचे संदेश पाठविते. संदेशांची भाषा शुद्ध करणे, हे माझे काम. पहिल्याच संदेशात सहा चुका सापडल्या. दिवस उत्तम गेला.

४ जून
या लोकांची संमती घेतली आहे काय, असे साहेबांना विचारले. ते हसून म्हणाले, की काका, ज्याने पाटी रस्त्यावर लावली त्याने वाचणाऱ्याला बोल लावू नये. पाटी वाचणे निराळे आणि दार ठोठावणे निराळे, असे मी सुनावले. 'आम्हाला वगळा' अशा विनंत्यांचा ढीग न उघडता पडून आहे. कायद्याने त्या मान्य करणे बंधनकारक आहे, हे निदर्शनास आणताच साहेबांचे हसू मावळले. शिव्या खाऊ, दंड भरू, पण वगळायचे कोणालाच नाही, असे ते म्हणाले. कारण विचारले, तर विषय बदलला. चोर तो चोर, वर शिरजोर!

७ जून
आमच्या इमारतीखालचा शिंपी आमच्याच संदेशांनी बेजार आहे. फोन टणटणला की कात्री चुकते, तुम्ही बाह्या कमी करायला दिलेल्या कोटाची बाही फारच आखूड झाली तर माझ्या नावाने खडे फोडू नका, असे त्याने मला बजावले. साहेब बाहेरगावी आहेत. शिंप्याची विनंती मी मान्य केली. आणि उरलेल्या सर्व विनंत्या आल्या त्या क्रमाने मान्य कराव्यात, अशी आज्ञाही यंत्रास दिली. लेकीनेही विनंती पाठविली आहे म्हणे. आपल्या घरचा वशिला लावा, असे ती लाडाने म्हणाली. रांग म्हणजे रांग, असे उत्तर दिले.

१० जून
कोट आणावयास गेलो. औषधांच्या दुकानाला लागूनच न्हाव्याचे दुकान आहे. शिंप्याचे दुकान या दोहोंच्या मधे होते; आता मधे बोटभरही जागा नाही. औषधवाल्याने सांगितले, की आजोबा, इथे शिंपी कधी नव्हताच. घरी येऊन पाहतो तो कोट कपाटात, बाह्या पूर्वीइतक्याच लांब. मलाही शिंप्याचा चेहरा आठवेना. सात तारखेची नोंद नसती, तर मीही औषधवाल्यापुढे मान डोलावली असती.

११ जून
साहेब परतले. ऐकताच त्यांनी मला आत नेले. त्यांच्या खोलीत दोन टेबले आहेत. दुसरे कोणासाठी घेतले, हे त्यांना आठवत नाही. यापूर्वी ज्याला शेवटचे वगळले, तो माणूस त्यावर बसत असावा, असा त्यांचा तर्क आहे; म्हणूनच कोणालाही वगळायचे नाही, हा त्यांचा हट्ट. आज्ञा मागे घेऊन पाहिली. यंत्र जुमानत नाही.

१२ जून
लेकीला सर्व सांगितले. ती आधी हसली. मग माझा चेहरा पाहून तिने फोन हाती घेतला. विनंती मागे घेत असल्याचे तिने माझ्यासमोर लिहून पाठविले. तो अर्जही रांगेत लागला — सर्वांच्या शेवटी. नियम माझाच.

१३ जून
यंत्र भाड्याचे आहे. कोठे ठेवले आहे, ते साहेबांनाही ठाऊक नाही. रांग पुढे सरकते आहे. लिहून ठेवतो — मला एक लेक आहे. ती बिनसाखरेचा चहा पिते. माझ्या चष्म्याच्या काचा स्वतःच्या ओढणीने पुसते. मी रागावलो, तर —

१४ जून
ओट्यावर दोन कप. एकात साखर नाही. मी तर एकटाच राहतो —
मागची पाने वाचली. अक्षर माझेच. 'लेक', 'लेकीने', 'लेकीला'. चष्म्याची काच स्वच्छ आहे. कोणी पुसली?
हाक मारून पाहावी. सगळी पाने पुन्हा चाळली. इतके नीटनेटके लिहिले, आणि नाव कोठेच लिहिले नाही. आठवते आहे, अगदी ओठांवर — लिहूनच टाकतो. तिचे नाव