आईचा सर्व्हर

३ मार्च
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
फोनवर बोललं की आई ऐकते, म्हणून कागद. बाबांच्या कॉम्प्युटरच्या मी दोन बाजू केल्यात, तुला माहीतच आहे. एकीकडे माझं ऑफिसचं नकाशांचं काम, दुसरीकडे घरचा सर्व्हर, म्हणजे आईचे सिनेमे. एका वेळी एकच बाजू चालते. मी कामाला लागलो की आतल्या खोलीत तिचा टीव्ही बंद. मग आत जाऊन सांगायचं, उशी नीट करायची, जरा बसायचं, उठायचं. दिवसातून चारदा! जीव मेटाकुटीला आलाय. आणि ती बिचारी भिंतीकडे बघत पडून राहते, ते वेगळंच.
लोभ थोडा इकडे धाड, इथला संपत आलाय.
तुझा,
धाकटा

११ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
अरे शहाण्या, आधीच विचारायचंस. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या बाई म्हणाल्या, सगळे सिनेमे दोन्ही बाजूंना दिसतील अशा वेगळ्या कप्प्यात ठेव आणि सर्व्हर दोन्हीकडे बसव. मग तू कुठेही अस, आईचं चालूच. मला येणं जमत नाही, निदान एवढं तरी.
जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे.
ताई

२४ मार्च
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
जमलं एकदाचं. आठ दिवसांत टीव्ही एकदाही बंद पडला नाही. मी सलग सहा-सहा तास काम उपसतो. आई सुखात आहे.
बाईंना धन्यवाद सांग, तुला नमस्कार.
धाकटा

२ एप्रिल
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
कसली सुखात? तू अंघोळीला गेल्यावर काल तिने फोन केला. म्हणाली, एक सिनेमा संपला की दुसरा आपोआप लागतो, पण पोरगा काही दिसत नाही. आणि हळूच विचारलं, "ते पुन्हा बिघडवता येतं का गं?" मला रडूच आलं. तोडगा माझाच ना!
तुझं दमणं मला कळतं रे. रागावू नकोस, एवढंच मागते.
ताई

९ एप्रिल
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी चिडलो. माणसाने किती पुरं पडायचं? दोन दिवस धुसफुसत होतो. आज दुपारी मीच सर्व्हर बंद केला आणि आत गेलो. तिने विचारलं, "बिघडलं?" मी हो म्हणालो. तिने पाय आखडून मला जागा करून दिली. दहा मिनिटं म्हणून टेकलो, तो दोन तास झोपलो. ऑफिसचे तीन फोन येऊन गेले, तरी तिने उठवलं नाही.
लोभ असू दे. उद्याही बिघडणार आहे.
तुझा,
धाकटा