उलटा बसलेला पंखा

मंगळवार, दिवेलागण

निवृत्त झाल्यापासून हे नुसते गप्प. आज मात्र आपणहून पंचवीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर उघडून बसले. त्याचा मागचा पंखा फार घरघरायचा. नवा बसवला, घरघर गेली, पण डबा तापायलाच लागला. असं कसं? मी देवापुढची उदबत्ती उचलून पंख्याच्या जाळीशी धरली. देव घेईल समजून. धूर बाहेर ढकलायचा सोडून पंखा आत ओढत होता.

"अहो, उलटा बसवलाय की!"

चिडतील वाटलं, तर खो खो हसले. किती महिन्यांनी!

"धर तशीच," म्हणत त्यांनी पंखा फिरवून बसवला. धूर सरळ बाहेर आला. काम झालं होतं. पण हे ऑफिसातल्या जुन्या गोष्टी सांगत सुटले होते, म्हणून उदबत्ती विझेपर्यंत मी तशीच धरून बसले.