तुझं मीठ आणि माझ्या रिमा

आये, काल महाडला गॅरेजवाल्या चाचांशी तुझ्यावरून भांडले. तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुझ्यावरून भांडणं होतातच; फक्त आता दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात. चाचा सौदीत बारा वर्षं गाड्या दुरुस्त करून आलेले, त्यामुळे इथली कुठलीही गाडी त्यांना आजारी वाटते. मागचं चाक फिरवून त्यांनी त्याच्या गंजलेल्या लोखंडी कड्यावर एक नजर टाकली आणि निकाल दिला, "ताई, या रिमा फेका. अलॉय टाका. गंजाला किती वर्षं पोसणार?" मी म्हटलं, "चाचा, टायर उतरवा, आत बघा, मग फेका म्हणा." ते हसले. "गाडी म्हातारी झालीय, ताई." "मीही झालेय, मला काय भंगारात घालता?" मग मात्र त्यांनी पाना घेतला.

ही मोटारसायकल घेतली तेव्हा तू तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, आठवतं? कृषी सहायकाची नोकरी, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर जायचं, एसटी दिवसातून एकदा, तीही तिच्या लहरीवर. स्कूटर त्या चढावर अर्ध्यात बसते, म्हणून मी मोटारसायकल घेतली. आळीतल्या बाया दारात येऊन बघायच्या. चौथ्या दिवशी सकाळी मी बाहेर येते तर तू चाकापुढे बसलेली, हातात सारातली उरलेली आमसुलं, शेजारी वाटीत जाडं मीठ. तांब्याचा हंडा घासावास तशी तू रिम घासत होतीस. मी ओरडले, "आये, हे काय चाललंय?" मान वर न करता तू म्हणालीस, "बघनारे बघनारच हायत गो. मग चकाकतंय तेवढं तरी बघू देत." तुझी परवानगी ही अशी आली, आमसुलाच्या वासाची. मी ती घेतली आणि ऑफिसला गेले. त्या दिवशी चाकं खरंच आरशासारखी होती.

पंधरा दिवसांनी त्यावर तपकिरी ठिपके. मी सांगून बघितलं की हंडा तांब्याचा असतो, हे लोखंड आहे, वर नुसता क्रोमचा पातळ मुलामा. आंबट आणि खारट लावून नीट धुतलं नाही तर तो मुलामा जातो. तुझं उत्तर ठरलेलं. "मळ तो मळ. लोखंडाला काय अंग नाय?" दर दसऱ्याला तू घासायचीस, दर दिवाळीला ठिपके वाढायचे, आणि मी दर वेळी टोमणा मारायचे. तुझ्याकडून शिकलेली कला होती, वाया कशी घालवणार?

मग ते मागचं चाक महिन्याला पंक्चर व्हायला लागलं. पोलादपूरच्या पंक्चरवाल्यानं टायरची एक बाजू उचकटून ट्यूब ओढली आणि मूठभर गंजाची टरफलं माझ्यापुढे धरली. "ताई, ह्येच टोचतंय ट्यूबला." तू पिशवी घेऊन शेजारी उभी होतीस. मी त्याला सांगितलं, तुला ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या आईच्या मिठाची कृपा. घरात भाजीत घालत नाही एवढं चाकाला घालते." तो हसला. तू हसली नाहीस. पुढच्या दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं. रिमांना हात लावला नव्हतास. त्यानंतर कधीच लावला नाहीस. मी जिंकले होते आणि चाकं गंजतच होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. टायर दोनदा बदलले, दोन्ही वेळा मी समोरच्या टपरीवर चहा पीत बसले.

काल बसले नाही. चाचांनी टायर पूर्ण उतरवला, स्पोकांवरची रबरी पट्टी सोलली, आणि खाली वाळलेल्या गाळाचा थर निघाला, लाल, मऊ, ओढ्या-वहाळातला. वाड्यांवर जाताना पावसाळाभर मी ते वहाळ गाडीसकट पार करायचे, उतरल्यावर पाणी निथळायलाही थांबायचे नाही. स्पोकांच्या भोकांतून आत शिरलेलं पाणी पट्टीखाली बसून राहिलं. चाचा म्हणाले, "मिठानं वरची चमक जाते, ताई. आतून पोखरलंय ते पान्यानं. आनि पानी तुमचं." सौदी रिटर्न माणूस, पण बोलला अगदी तुझ्या सुरात.

तेव्हा आता ऐक. मी माफी मागणार नाही. क्रोमला मीठ लावणं चूक होतं, आजही चूक आहे, वर भेटलीस तरी हेच सांगेन. पण ते चाक तू खाल्लं नाहीस, मी खाल्लं, आणि हे मी चाचांपुढे मोठ्यानं बोलले, पंक्चरवाल्यापुढे बोलले होते त्याच आवाजात. रिमाही फेकणार नाही. चाचांना स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक भोकापाशी टोचायला लावलं. कुठे आरपार गेला नाही, कुठे तडा नाही. वरवर खड्डे आहेत, ते राहतील. आज सकाळपासून रिमा घरी आणून स्वयंपाकघरात पेपर पसरून बसलेय. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासते, पुसते, उन्हात धरते, मग तेलाचा हात देते. आतून गंजरोधक रंग चाचा देणार आहेत. त्यांना हरल्याचं दुःख आहे, पण रंग चांगला देतील.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटचं एवढं लिहिते. तुझ्या शेवटच्या वर्षी तू म्हणाली होतीस, "बाय, येकदा तुज्या गाडीवरनं मला पाचाडला ने. मावशीला दाखवू." मी म्हटलं, रिम गंजलीय, दोघींचं वजन झेपायचं नाही, एसटीनं जा. तू एसटीनंच गेलीस. त्याच दुपारी ऑफिसातल्या एका बाईंना मागे बसवून मी महाडला गेले. तुझ्या दुप्पट होत्या त्या. चाकानं हूं का चूं केलं नाही.